थोरल्या बाईसाहेबांचं ऐकणं

हेंद्रेपाड्यातून स्कूटर काढून माहेरी, बदलापूर गावाकडे निघालं, की दिवाळीनंतरच्या पंधरा-वीस दिवसांत एका वळणावर तो वास येतो. कापलेल्या भाताचा. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, नाकात शिरला की हमखास शिंक आणणारा. त्या वळणावर आता दोन्ही बाजूंना सोसायट्या उभ्या आहेत, एकीच्या गेटवर तर कारंजंही आहे. तरी मागे कुठल्या तरी उरल्यासुरल्या तुकड्यात कुणी तरी अजून भात लावतं आणि कापतं, आणि तो वास कंपाउंडच्या भिंती ओलांडून रस्त्यावर येतो. मी स्कूटर हळू करते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव खातो. खाऊ दे. वर्षातून पंधरा दिवस मिळतो हा वास, तो मी काही फुकट घालवणार नाही.

हा वास आला की लोकांना काय काय आठवत असेल कोण जाणे. मला मात्र आमचं खळं आठवतं, आणि त्या खळ्यावर अनवाणी उभ्या असलेल्या थोरल्या बाईसाहेब. चार वर्षं झाली त्याला. अजून मला ते सगळं खरंच घडलं का, असं वाटतं.

थोरल्या बाईसाहेब म्हणजे मालिकेतल्या. रोज संध्याकाळी साडेसातला लागायची ती मालिका. एका जुन्या, जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवरून केलेली. गोष्ट एका लहानशा गडाची. गडाचा सरदार मोहिमेवर गेलेला, आणि मागे त्याची विधवा आई, म्हणजे थोरल्या बाईसाहेब, मूठभर शिबंदीच्या जोरावर गड राखून बसलेली. बस्स, एवढंच. पण त्या बाईंनी असं काही काम केलं होतं की साडेसात वाजले की आमच्या चाळीतले मिक्सरसुद्धा बंद व्हायचे. मी उल्हासनगरला कॅम्पात एका कारखान्यात शिवणकाम करते. आमच्या सेठची बायको सिंधी, तिला मराठी जेमतेम कळायचं, पण मालिका एक दिवस चुकवायची नाही. अडलेल्या शब्दांचे अर्थ दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारायची. 'शिबंदी' समजावताना माझी भंबेरी उडाली होती.

आणि एक दिवस मालिकेचे ड्रेसदादा, म्हणजे नटांचे कपडे सांभाळणारे, स्वतः आमच्या कारखान्यात आले. लढाईचे मोठे भाग करायचे होते, आणि सैनिकांचे अंगरखे घाईने आणि घाऊक हवे होते. आम्ही सगळे जीन्स शिवणारे. अंगरखे शिवले, पण कारागिरांचा हात सवयीचा. कैक अंगरख्यांना जीन्ससारखी डबल टीप पडली. ड्रेसदादांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले की जाऊ दे, हे सैनिक मरेपर्यंत उसवायचे नाहीत. पुढे कळलं, शूटिंग आमच्याच गावात आहे. मग सेठ मला म्हणाला, "साईं, तेरा ही गाँव है, तू ही जा. फिटिंग का काम तू देख." अशी मी मालिकेत गेले. टाचण्यांची डबी, सुई-दोरा आणि कात्री घेऊन.

आमचं शेत गावाच्या टोकाला, नदीच्या अलीकडे. त्या लोकांना ते का आवडलं, तर तिथून एका दिशेला पाहिलं की चंदेरीचा सुळका आणि डोंगरांची रांग दिसते, आणि मध्ये एकही इमारत येत नाही. बाकी तिन्ही बाजूंना टॉवर. त्यामुळे आठ दिवस कॅमेऱ्याचं तोंड चंदेरीकडेच होतं. जरा मान वळली असती, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या गडामागे कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल दिसले असते. मला या गोष्टीची फार गंमत वाटायची. म्हणजे इतिहास होता, पण एकाच बाजूने.

आणि त्यांना आमचं खळं हवं होतं. नुकतंच शेणाने सारवलेलं, सपाट, चोपून घट्ट केलेलं. गडावरचं अंगण म्हणून ते शोभणार होतं. झोडणी झाली होती, भाताची रास एका कडेला गोणपाटाखाली झाकलेली होती, घरी न्यायची बाकी होती. आई हो म्हणाली, पण एका अटीवर. रास घरी जाईपर्यंत खळ्यावर कुणी पायताण घालून जायचं नाही. आमच्याकडे ते चालतच नाही; खळ्यावर लक्ष्मी बसलेली असते. लहानपणी दादाने एकदा चप्पल घालून खळं ओलांडलं होतं, तर वडिलांनी त्याला तिथेच उभं करून सगळं खळं पुन्हा सारवायला लावलं होतं. मालिकेचा मॅनेजर म्हणाला, हो आई, काळजीच करू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घातलेले वीस जण खळ्यावर लाइटचे स्टँड रोवत होते. आई त्या वेळी देवळात गेली होती, म्हणून वाचले; पुढेही ती दिसली की तेवढ्यापुरते बूट उतरायचे. दादा मात्र तिथेच पेंढ्या रचलेल्या उडवीपाशी उभा राहून एकेकाच्या पायांकडे बघत होता.

दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अंबरनाथला एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, आणि सुट्या टाकून शेती करतो. लग्न झालेलं नाही. दिसायला देखणा, उंच, उन्हाने रापलेला. आणि बोलताना अडखळतो. अडखळतो म्हणणंही सौम्यच झालं. शब्दाचं पहिलं अक्षर त्याच्या ओठांवर येतं आणि तिथेच अडून बसतं; मानेच्या शिरा ताणतात, डोळे मिटतात, समोरच्याला वाटतं की याला काही तरी होतंय. शाळेत मुलांनी फार छळलं त्याला. बाईंनी धडा वाचायला उभं केलं की पहिल्या ओळीलाच वर्ग हसायला लागायचा.

आणि मी ही अशी बोलभांड. आई म्हणते, जन्मल्यावर हिचं तोंड जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. शाळेपासून मी ठरवून टाकलं होतं की दादाला त्रास होऊ द्यायचा नाही. तो 'प' म्हणाला की मी 'पाणी हवंय त्याला' म्हणायचे. दुकानात, दवाखान्यात, बँकेत, पाहुण्यांत, सगळीकडे त्याची वाक्यं मी पुरी करायचे, आणि इतकी झटकन, की पुष्कळांना दादाचं अडखळणं ठाऊकच नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू. नातेवाइकांत माझं कौतुक व्हायचं, बहीण असावी तर अशी.

एक मात्र सांगते. दादा एकटा असला की अडखळत नाही. मी ते चोरून ऐकलंय. गावच्या वाचनालयात त्या कादंबरीची एक प्रत होती, शिवण उसवलेली, वर खाकी कापडाचं वेष्टण घातलेलं. ती दादाने किती वेळा आणली असेल, देव जाणे. एका हंगामात दुपारी मी त्याचं जेवण घेऊन शेतावर गेले, तर उडवीच्या पलीकडून आवाज येत होता. खणखणीत, मोकळा, शब्दामागून शब्द. मला वाटलं, कुणाचा रेडिओ लागलाय. वाकून पाहिलं तर दादा पेंढ्याला टेकून ते पुस्तक मोठ्याने वाचत होता. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. पुढे होण्याची हिंमत झाली नाही, कारण मला पाहिलं की तो थांबणार होता. त्या दिवशी वाटलं होतं, देवाने हा आवाज दिला आणि फक्त भाताच्या काडीला ऐकवायला दिला, ही कसली रीत.

तर शूटिंग. मालिकेतली माणसं प्रत्यक्ष बघणं म्हणजे काय असतं ते मला त्या आठ दिवसांत कळलं. सरदाराचं काम करणारा मुलगा जेमतेम पंचविशीचा, घोड्याला घाबरायचा, आणि दोन शॉटच्या मध्ये चिलखतासकट मोबाइलवर क्रिकेट बघायचा. फितूर कारभाऱ्याचं काम करणारे गृहस्थ तर इतके गरीब स्वभावाचे, की आईच्या हातातल्या पेंढ्या घेऊन रचायला लागले. पण आईने मालिका पाहिलेली. गड त्यांनीच शत्रूला दाखवला होता. आठही दिवस आईने सगळ्यांना चहा दिला, आणि त्यांचा चहा मुद्दाम शेवटी, बिनसाखरेचा. ते बिचारे आवडीने प्यायचे. जाताना म्हणाले, बरं झालं, मला डायबिटीसच आहे.

आणि थोरल्या बाईसाहेब. पहिल्या दिवशी त्या गाडीतून उतरल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. साठीच्या, बुटक्या, सुती पंजाबी ड्रेस, पायात निळी रबरी चप्पल, हातात गरम पाण्याचा थर्मास. गुडघे धरत धरत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, टाचण्या जरा बेताने लाव गं, काल एक दिवसभर टोचत होती. मी त्यांना नऊवारी नेसवायला मदत केली. निऱ्या झाल्या, कासोटा झाला, पदर आला. आणि पदर खांद्यावर घेताना काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी काहीच केलं नाही. आरशातही पाहिलं नाही. फक्त एक श्वास घेतला, आणि मला एकदम दोन पावलं मागे सरावंसं वाटलं. माझ्या हातून डबी पडली. गुडघे धरणारी बाई गेली कुठे, ते मला समजलंच नाही. मी खाली बसून टाचण्या वेचायला लागले.

त्यांचं सगळं काम मी बाजूला उभी राहून पाहिलं. मला वाटायचं अभिनय म्हणजे बोलणं. मोठमोठ्याने, डोळे वटारून. या बाई बोलायच्या फार थोडं. समोरचा बोलत असताना त्या काय करतात हे मी बघायला लागले आणि थक्क झाले. त्या ऐकायच्या. पुढचा संवाद मनात घोळवत थांबायच्या नाहीत, खरंच ऐकायच्या, जसं काही ते वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंय. एकच वाक्य सातव्या रीटेकलाही पहिल्यांदा. माझ्यासारख्या बाईला हे म्हणजे चमत्कारच. मी कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं असेल तर शपथ.

शेवटून दुसऱ्या दिवशी तो मोठा प्रसंग होता. लढाईवरून एक जखमी शिलेदार धावत गडावर येतो आणि बाईसाहेबांना मुलगा पडल्याची बातमी देतो. "बाईसाहेब, घात झाला. सरकार खिंडीत पडले." एवढीच वाक्यं. ज्या नटाला ते काम दिलं होतं तो तापाने आला नाही. गावातली चाळीसेक माणसं सैनिक म्हणून अंगरखे घालून बसलीच होती, दादाही त्यांत होता. कानाला वायरलेसचं यंत्र लावलेली डायरेक्टरची एक असिस्टंट मुलगी रांगेतून चेहरे बघत गेली आणि दादापाशी थांबली. "काका, एकच लाइन आहे. कराल?" मी लांब होते, एकाचा अंगरखा आवळत होते. मला दिसलं ते एवढंच, की दादाने मान हलवली.

मी तेव्हा काय समजले, तर बिचारा अडकला. नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं ना, म्हणून अडकला. आता इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, मान तर आडवीही हलवता येते. त्याने उभी हलवली होती.

पहिला टेक. दादा लांबून धावत आला. खरंच सुंदर धावला, पिचलेला, जीव खाऊन. आणि खळ्याच्या कडेला येऊन थबकला. वाकला. पायातले चढाव काढले, नीट जोडीने बाजूला ठेवले, आणि मग खळ्यावर आला. कट. सगळे हसले. डायरेक्टर सर म्हणाले, काका, लढाईवरून आलात तुम्ही, देवळात नाही. चपला का काढल्या? दादाने तोंड उघडलं. "ख... ख..." आणि मी उडी घेतलीच. गळ्यात टेप तशीच लटकत असताना मी धावत पुढे गेले आणि एका दमात सांगितलं, की खळं आहे ते सर, त्यावर पायताण चालत नाही, तुमच्या मॅनेजरने आईला कबूल केलंय. सर म्हणाले बरं, पण आता पळत या. दुसरा टेक. दादा पुन्हा कडेला थबकला, पुन्हा वाकला. मुद्दाम नव्हतं ते. पायच उचलत नव्हता त्याचा. कट. मग ठरलं की शिलेदार अनवाणीच धावत येईल. तिसरा टेक. दादा आला, मुजरा केला, तोंड उघडलं. "बा..." आणि बसलं. मान ताणली, डोळे मिटले. आवाज नाही.

चाळीस सैनिक खाली बघायला लागले, गावचेच ते. मागे कुणी तरी फिसकन हसलं. ती असिस्टंट मुलगी हळूच म्हणाली की सर, ओठ हलवू दे, डबिंग करून घेऊ. तेव्हा मी काय केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "सर, त्याला बोलता येत नाही हो. दुसऱ्या कुणाला द्या." मायेनेच म्हणाले. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो थकलेला दिसत होता.

थोरल्या बाईसाहेब खळ्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी आधी पायातल्या मोजड्या काढल्या आणि हाताने उचलून बाहेर दिल्या. मग खळ्यावर बूट घालून उभ्या असलेल्या एकेकाकडे नुसतं पाहिलं. कॅमेरावाले, लाइटवाले, डायरेक्टर सर, सगळे निमूटपणे पायांतलं काढायला लागले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पदर सुटलाय.

"टाचण्या तोंडात धरून काम करतेस ना तू?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. आम्ही शिवणवाल्या सगळ्याच तशा धरतो.

"मग धर."

मी चार टाचण्या ओठांत धरल्या आणि मागे जाऊन उभी राहिले. आता ओठ उघडायची सोय नव्हती. बाईसाहेब सरांना म्हणाल्या की मी सांगेपर्यंत कट म्हणायचं नाही, आणि दादाला म्हणाल्या, "या तुम्ही. मला घाई नाही."

दादा पुन्हा धावत आला. अनवाणी. मुजरा केला. "बा..." म्हणाला आणि अडला.

बाईसाहेब थांबल्या. त्यांनी मान डोलावून धीर दिला नाही. ओठ हलवून शब्द सुचवला नाही. कीव तर अजिबात आली नाही त्यांच्या डोळ्यांत. त्या ऐकत होत्या. अजून न आलेलं ते वाक्य त्या पूर्ण लक्ष देऊन ऐकत होत्या. किती वेळ गेला असेल? माझ्या ओठांत टाचण्या टोचायला लागल्या होत्या, जीभ टाळूला चिकटली होती, आणि आतून मी ते वाक्य दहा वेळा म्हणून मोकळी झाले होते. खळ्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या त्यांचा आवाज येत होता. दादा "बाईसाहेब" म्हणाला. पुन्हा अडला. "घ... घ..." आणि मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम कळलं. तिला बातमी समजली होती. त्याला लांबून धावत येताना पाहिलं तेव्हाच समजली होती. पण तो बोलत नव्हता तोवर तिचा मुलगा जिवंत होता. त्याच्या अडखळण्यातल्या एकेका क्षणात ती आई अजून मुलाची आई होती. तिला ते वाक्य ऐकायचंही होतं आणि ते कधीच पुरं होऊ नये असंही वाटत होतं, आणि हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर, हलल्याशिवाय.

"घात झाला," दादा म्हणाला. "स... सरकार... खिंडीत... प... पडले."

स्क्रिप्टमध्ये तिथे बाईसाहेबांचा आक्रोश लिहिलेला होता. मी स्वतः वाचला होता तो कागद. त्या ओरडल्या नाहीत. दादाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बसा. फार लांबून आलात." मग मागे वळून हळू आवाजात, "पाणी द्या यांना."

पाणी कोण देणार? तसं काम कुणाला दिलेलंच नव्हतं. पण खळ्याच्या कडेला आमची आई उभी होती, देवळातून आलेली. ती तांब्या घेऊन सरळ खळ्यावर गेली. नऊवारीच नेसते ती, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. दादा खाली बसून घटाघटा पाणी प्यायला. तरी कुणी कट म्हणेना. डायरेक्टर सर डोळे पुसत होते. शेवटी बाईसाहेबांनीच कट म्हटलं, आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की एक टाचणी माझ्या ओठात रुतली आहे आणि रक्त येतंय.

मालिकेत ते सगळं लागलं. लहान केलं होतं, टीव्हीला एवढा वेळ परवडत नाही म्हणतात, पण आवाज दादाचाच ठेवला होता, त्याच्या सगळ्या अडखळण्यासकट. पडद्यावर बहुतेक वेळ बाईसाहेबांचा चेहरा होता. आमच्या ओटीवर त्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं, आणि शाळेत दादाला हसणारी दोघं-तिघंही होती त्यांत. कुणी हसलं नाही. माझ्या सेठच्या बायकोने फोन केला. एकही शब्द विचारला नाही, नुसती रडत होती. लोकांनी दादाच्या अभिनयाची तारीफ केली, म्हणाले, काय अडखळला राव, अगदी खरं वाटलं. दादा हसून चहा घेत राहिला.

मला त्या हंगामाने काय दिलं, तर एक फार लाजिरवाणी जागा दाखवली. एक परकी बाई. दादाला ती आधी ओळखत नव्हती, नंतर कधी भेटली नाही. तिने फक्त वाट पाहिली, आणि चाळीस वर्षं जे आमच्या घरात झालं नव्हतं ते झालं. आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर जीव टाकला, पण ऐकलं कुणी नाही. तेव्हापासून मी प्रयत्न करते. दादा बोलायला लागला की मी गप्प बसते. मला ते किती अवघड जातं हे माझं मला माहीत. पुष्कळदा चुकते, शब्द तोंडातून निसटतोच. मग दादा हात वर करतो आणि मी जीभ चावते. चार वर्षांत एवढं कळलं, की मी लावलेले निम्मे शब्द चुकीचे होते. त्याला पाणी नकोच असायचं. 'पाऊस येईल' म्हणायचं असायचं.

परवा पुन्हा तो वास आला आणि मी थेट शेतावर गेले. या वर्षी भात बरं आलंय. दादा खळं सारवून हात धुऊन बसला होता. आम्ही बांधावर बसून चहा प्यायलो. मी कारखान्यातल्या गमती सांगत होते, आणि मध्येच कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघाला. वांगणीला लग्न होतं, तिथे जायचं होतं मला.

दादा म्हणाला, "व... व..."

मी थांबले. चंदेरीकडे बघत बसले. आतून माझे अंदाज चाललेच होते, वांगणीला गाडी किती वाजताची आहे विचारत असेल, वहाणा आणायच्या असतील. पण थांबले. चहावर साय धरली.

"वांगणीच्या त्या म... मुलीला," दादा म्हणाला, "मी हो म्हणणार होतो."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं. चौदा वर्षं झाली असतील. वांगणीची मंडळी घर बघायला आली होती, त्यांना आमच्या ओटीवर बसवलं होतं. मुलगी, तिचे वडील, मामा. मुलगी शांत होती, दोनदा दादाकडे बघून हसली होती. तिच्या वडिलांनी सरळ दादालाच विचारलं, तुमचं काय म्हणणं? दादाने तोंड उघडलं, अडला, त्याचे कान लाल झाले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, त्याला नको आहे आणि सांगता येत नाही. मी हसत हसत सांगून टाकलं की दादाला इतक्यात करायचं नाही, दोन वर्षं तरी थांबणार आहे. मंडळी उठून गेली. त्या रात्री आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, वेळेवर सावरून घेतलंस म्हणून. पुढे आलेल्या स्थळांना दादा बाहेर यायलाच तयार झाला नाही, आणि त्याचंही कारण मीच सगळ्यांना सांगत फिरले होते, त्याला आवडच नाही म्हणून.

चौदा वर्षं हा माणूस ते पोटात ठेवून माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन जत्रेला नेत होता. दर रक्षाबंधनाला साडी आणत होता. माझ्याशी हसत होता. आताही त्याच्या आवाजात राग नव्हता, मी नीट ऐकलं. त्याला फक्त वाक्य पुरं करायचं होतं.

"दादा," मी म्हटलं, "मी..."

आणि मला पुढे बोलता येईना. मला, जिचं तोंड जन्मापासून बंद नाही. शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडून बसला. दादाला पुढचा शब्द ठाऊक होता. एवढं काही अवघड नव्हतं ते. त्याने तो माझ्या तोंडात घातला नाही. चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे तोंड करून बसला, आणि थांबला.